आवडता गायक गेल्यावर श्रवणसभा कशी घ्यावी: नाशिककरांसाठी

२०१९ ची रंगपंचमी २५ मार्चला होती. तिवंध्याच्या रहाडीवरून, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदावरून, संध्याकाळी घरी आले. रंग काही निघत नव्हता, म्हणून नाद सोडला आणि ओल्या बोटांनीच फोन उघडला. पहिलीच बातमी: गायक स्कॉट वॉकर गेला. गेला होता २२ तारखेलाच, लंडनमध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी. रेकॉर्ड कंपनीनं जाहीर मात्र २५ ला केलं. मी मोरीच्या दारात तशीच उभी. आतून आईनं विचारलं, "कोण गेलं गं?" सांगितलं. "आपल्यातलं नाही ना कोणी?" असं म्हणून ती चहाकडे वळली.

पंडितजी गेले, लतादीदी गेल्या, तेव्हा काय करायचं ते गावाला माहीत होतं. सभागृह, फोटो, समई, दोन शब्द, दोन गाणी. पण ओहायोत जन्मलेला, इंग्लंडमध्ये राहिलेला, आधी पोरींच्या किंकाळ्यांत बुडालेला आणि म्हातारपणी मांसाच्या तुकड्यावर ठोसे मारून घेऊन त्याचा आवाज टेप करणारा गायक गेला तर नाशिकमध्ये कुणाच्या खांद्यावर डोकं ठेवायचं? माझ्या ओळखीत त्याचं नाव ऐकलेली माणसं दोन. त्यातला एक माझा मामा. तो बोटीवर नोकरीला होता, त्यानंच कधीतरी कॅसेट आणली होती.

मग मी घरीच श्रवणसभा घेतली. पुढे हॉलमध्ये घेतली, सोसायटीतही घेतली. प्रत्येक वेळी काहीतरी फसलं. तुमचाही असा कुणी लाडका गायक असेल, सोप्या गाण्यांकडून अवघड गाण्याकडे गेलेला, आणि त्याच्यासाठी चार माणसं जमवायची इच्छा असेल, तर माझ्या चुका आयत्या घ्या.

१. आधी ठरवा: शोक नेमका कुणाचा

हे बिनकामाचं वाटेल, पण सगळी सभा यावर उभी राहते. अशा गायकाचे दोन गायक झालेले असतात, आणि बहुतेक लोक पहिल्यासाठीच रडतात.

स्कॉटचंच बघा. खरं नाव नोएल स्कॉट एंगल, जन्म ९ जानेवारी १९४३. वॉकर ब्रदर्स नावाच्या तिघांच्या टोळीत तो गायचा. त्यांच्यात कुणी कुणाचा भाऊ नव्हता आणि जन्मानं वॉकरही कुणी नव्हता. १९६५ आणि १९६६ मध्ये त्यांची दोन गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. पोरी स्टेजवर चढायच्या, कपडे ओढायच्या. हा पठ्ठ्या १९६६ मध्ये या सगळ्याला कंटाळून आइल ऑफ वाइटवरच्या एका मठात ग्रेगोरियन, म्हणजे जुनं ख्रिस्ती, पठण शिकायला जाऊन राहिला. मग एकट्याचे अल्बम. १९६८ चा दुसरा अल्बम पुन्हा पहिल्या क्रमांकावर. १९६९ मध्ये सगळी स्वतःची गाणी घेऊन, स्वतःच्या खऱ्या नावानं चौथा काढला, तो साफ आपटला. पुढची काही वर्षं दुसऱ्यांची गुळगुळीत गाणी गाऊन काढली, ती त्याला स्वतःलाच नकोशी होती. १९७८ मध्ये जुन्या टोळीच्या शेवटच्या अल्बममध्ये त्याची चार गाणी होती, तिथून तो वळला तो वळलाच. १९८४, १९९५, २००६ असे एकेक अल्बम आले. आपला सिंहस्थ बारा वर्षांनी, याचा अकरा वर्षांनी. शेवटी २०१२ आणि २०१४ मध्ये मात्र घाईघाईनं दोन.

२०१७ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात त्याच्या गाण्यांचा मोठा कार्यक्रम झाला. कुठली गाणी? १९६७ ते १९७० मधली. कार्यक्रमाच्या नावातच तसं लिहिलेलं. माणूस तेव्हा हयात होता, पण त्याच्या आयुष्यातली शेवटची चाळीस वर्षं त्या रात्रीतून वगळलेली. मला तो कार्यक्रम आवडला, आणि रागही आला. फक्त जुनी गाणी लावून हळहळायचं असेल तर तो माणूस २०१९ मध्ये गेलाच नाही, १९७० मध्येच गेला असं म्हणावं लागेल. श्रवणसभा घ्यायची तर अख्ख्या माणसाची घ्या, जो तुम्हाला अजून झेपलेला नाही त्याचीसुद्धा.

२. दिवस आणि वेळ

पहिली सभा मी ३१ मार्चला घेतली. रविवार होता. मोजून पाहिलं तर २२ पासून दहावा दिवस. रामकुंडावर दशक्रियेला कुठून कुठून माणसं येतात ते लहानपणापासून बघत आलेय, तेव्हा दहावा म्हटल्यावर मला बरं वाटलं. विधी वगैरे काही केले नाहीत. ज्याची जी रीत नाही ती त्याच्यावर लादू नये. फोटोला हार घालण्याचा आग्रह एका मैत्रिणीनं धरला होता, तोही मी मोडला. टेबलावर अल्बमचं मुखपृष्ठ उभं केलं, बस.

दिवस धरताना कालनिर्णय समोर घ्या आणि हे बघा:

- लग्नाची तिथी आहे का? असेल तर संध्याकाळी सातला तुमच्या गल्लीतून वरात जाणारच, आणि डीजेपुढे कुठलाही प्रयोगशील गायक टिकत नाही.
- पंचवटीत राहत असाल तर चैत्रातल्या कामदा एकादशीला राम-गरुड रथोत्सव असतो. त्या दिवशी पाहुणे तुमच्यापर्यंत पोचणारच नाहीत.
- रंगपंचमी टाळा. लोक दमलेले असतात, आणि रंगलेली माणसं गादीवर बसवायची तुमची तयारी नसते.
- वीज देखभालीसाठी बंद राहणार असल्याची सूचना पेपरात किंवा मोबाइलवर आली आहे का, ते आदल्या दिवशी पाहा.

वेळ साडेसहा. आरत्या, भोंगे, शिट्ट्या देणारे कुकर हे सगळं सात ते आठमध्ये असतं, हे मान्य. म्हणूनच आठपर्यंत भरीव, वाद्यमेळाची गाणी ठेवायची आणि शांत, पोकळी असलेली गाणी आठनंतर. साडेनऊला आटपायचं.

पहिलं वर्षश्राद्ध म्हणाल तर २२ मार्च २०२० ला येत होतं. मी बावीस जणांना निरोप दिले होते. तो जनता कर्फ्यूचा दिवस निघाला. संध्याकाळी पाचला सगळी कॉलनी गॅलरीत थाळ्या वाजवत होती. मी आत येऊन हेडफोन लावला. मामाला फोनवर विचारलं, "ऐकतोयस?" तो म्हणाला, "इथे थाळ्याच ऐकू येतायत. त्याला आवडलं असतं हे."

३. जागा, परवानगी, कागदपत्रं

तीन पर्याय आहेत.

*घर.* सगळ्यात उत्तम. बारा-पंधरा माणसं. परवानगी लागत नाही, शेजाऱ्यांना सांगून ठेवणं लागतं. वरच्या आणि खालच्या दोन्ही मजल्यांवर जाऊन, स्वतः, चिवड्याचं पाकीट हातात घेऊन सांगा. "थोडा विचित्र आवाज येईल, घाबरू नका" हे शब्द वापराच. माझ्यावर वेळ आली होती, पुढे येईलच ते.

*सोसायटीचा हॉल.* सचिवांच्या नावे साध्या कागदावर अर्ज: तारीख, वेळ, माणसं किती, तिकीट नाही, ध्वनिक्षेपक बाहेर लावणार नाही. सही-शिक्क्याची प्रत स्वतःकडे ठेवा. वॉचमनलाही दाखवा, कारण त्या दिवशी सचिव बाहेरगावी असतात.

*भाड्याचा हॉल.* नाशिकमध्ये गंगापूर रोडचं कुसुमाग्रज स्मारक, सार्वजनिक वाचनालयाचं औरंगाबादकर सभागृह अशा, छोट्या कार्यक्रमांची सवय असलेल्या जागा आहेत. भाडं आणि अनामत प्रत्यक्ष जाऊन विचारा, फोनवर ठरवू नका. लागणारे कागद साधारण असे:

- आयोजकाच्या नावाचा अर्ज आणि आधारची प्रत
- भाडं आणि अनामत भरल्याच्या पावत्या (अनामत परत घ्यायला मूळ पावती मागतात, हरवू नका)
- वाजवायच्या गाण्यांची यादी, गायक आणि कंपनीच्या नावासह
- संगीताचे परवाने

परवान्यांचा गोंधळ सगळ्यांचाच होतो, म्हणून सरळ सांगते. तुम्ही विकत घेतलेली सीडी किंवा महिन्याचे पैसे भरलेलं ॲप हे घरात ऐकण्यासाठी असतं. चारचौघांत, जाहीर वाजवायचं तर हक्क दोन वेगवेगळ्यांचे: शब्द आणि चालीचे एकाचे, ध्वनिमुद्रणाचे दुसऱ्याचे. पहिल्याचा परवाना देणारी संस्था आयपीआरएस, दुसऱ्याचा देणारी पीपीएल. परदेशी कंपनीचं ध्वनिमुद्रण कुणाकडे येतं ते आधी विचारून घ्या, म्हणून ती यादी. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मात्र सूट आहे: रहिवासी इमारतीत रहिवाशांच्या सामायिक वापराच्या बंद हॉलमध्ये सोय म्हणून, किंवा नफ्यासाठी नसलेल्या मंडळाच्या उपक्रमात ध्वनिमुद्रण ऐकवता येतं. दारात तिकीट फाडायला बसलात की या सवलतीच्या गप्पा विसरा. मी भाड्याचा हॉल एकदाच घेतला, त्यानंतर सोसायटीत आले ती आलेच.

आवाजाचे नियम वेगळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. बंद खोलीत तुम्ही या भानगडीत पडत नाही, पण खिडक्या लावा. गच्चीवर घ्यायचा मोह होईल, गोदेकडून वारा छान येतो वगैरे. नका घेऊ. उघड्यावर लाऊडस्पीकर म्हणजे पोलिसांची परवानगी, आणि अर्धं गाणं वाऱ्याबरोबर सोमेश्वरला.

४. सामान

- दोन साधे शेल्फ स्पीकर आणि ॲम्प्लिफायर. पार्टीचा एकच मोठा ब्लूटूथ डबा चालणार नाही.
- फोन किंवा लॅपटॉपपासून ॲम्प्लिफायरपर्यंत वायर. ब्लूटूथ नकोच. ऐन शांततेत कुणाचा तरी फोन जोडला जातो आणि "तुमच्या खात्यात जमा" असा टिंग वाजतो.
- सगळी गाणी आधी उतरवून घेतलेली, फोन फ्लाइट मोडवर. फुकटच्या ॲपवर दोन गाण्यांमध्ये टूथपेस्टची जाहिरात येते, ती एकदा आली की तोंडातली चव जाते.
- ॲपच्या सेटिंगमध्ये आवाज एकसारखा करणारं नॉर्मलायझेशन बंद करा. या माणसानं कुजबुज आणि घणाघात यांच्यातलं अंतर मुद्दाम ठेवलंय, ॲप ते इस्त्री करून टाकतं.
- गाद्या, तक्के, जाड पडदे. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो. सोसायटीच्या हॉलमध्ये मी शेजारणींच्या सतरंज्या भिंतीला टांगल्या होत्या.
- वह्या-पेनं नकोत. लोक लिहायला लागले की ऐकत नाहीत.

स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीच्या कोपऱ्यापासून दूर, दोन्हींमध्ये जितकं अंतर तितक्याच अंतरावर मधली बैठक. टेप लावून मोजा, नजरेनं नको.

आणि पंखा. मार्चअखेरीस पंखा लागतोच, पण त्याची घरघर गाण्यातल्या नेमक्या त्या जागी बसते जिथे काहीच नसायला हवं. आमच्याकडे जुना, काळ्या बटणाचा रेग्युलेटर आहे. दोनवर ठेवला की पंख्याचा आवाज कमी होतो आणि मोटार गुणगुणायला लागते. पहिल्या सभेत लोकांना वाटलं हा तंबोरा गाण्यातलाच आहे. एकानं नंतर त्याचं कौतुकही केलं. उपाय: सहाला पंखा पाचवर, खोली थंड करून घ्या, माठात वाळा घाला, आणि आठनंतर अर्धा तास पंखा पूर्ण बंद. लोकांना आधी सांगितलं तर कुरकुरत नाहीत.

५. गाण्यांचा क्रम

इथे घाई करू नका. मी तीन वेळा क्रम बदलला तेव्हा कुठे बसला. पहिल्या वर्षी मी अगदी काळाप्रमाणे लावत गेले आणि प्रत्येक अल्बममधून दोन. अडीच तासांत लोक आंबले. दुसरी चूक शौकिनांची: "खरा स्कॉट बघायचाय ना?" म्हणून सरळ २००६ चा अल्बम. तो मी २००६ मध्ये, मामाच्या कॅसेटवरचा मखमली आवाज आठवून, एकटीनं रात्री लावला होता. दुसऱ्या गाण्याला उठून ट्यूबलाइट लावली.

सहा-सात गाणी पुरेत, एकूण चाळीस-पन्नास मिनिटं संगीत. माझा आजचा क्रम:

पहिलं, १९६६ चं हिट, सूर्य आता तळपणार नाही असं सांगणारं. तीन मिनिटं. मोठा वाद्यमेळ, घुमणारा ढोल, आणि वर तो खर्जाकडे झुकणारा आवाज. लोकांना एकच गोष्ट सांगा: हा आवाज ओळखून ठेवा, पुढे कपडे बदलेल.

दुसरं, 'इट्स रेनिंग टुडे', १९६९ च्या तिसऱ्या अल्बमचं पहिलं गाणं. माझ्या मते सगळी सभा या गाण्यावर फिरते. वर पाऊस, आठवणी, छान चाल. पण मागे व्हायोलिनं एक विस्कटलेला, एकमेकांना लागून असलेल्या सुरांचा थर धरून ठेवतात, हलतच नाहीत, दातात सुपारी अडकावी तसे. हे गाणं दोनदा लावा. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा "आता फक्त मागचं ऐका" म्हणून. पुढच्या चाळीस वर्षांचं बी तिथे पडलेलं दिसतं, मग "याला मध्येच वेड लागलं" असं म्हणायची सोय राहत नाही.

तिसरं, १९७८ चं 'द इलेक्ट्रिशियन'. लॅटिन अमेरिकेतल्या छळकोठड्या आणि त्यामागचा अमेरिकन हात हा विषय. सुरुवातीला घोगरा, जमिनीखालचा आवाज, आणि मध्येच अचानक स्पॅनिश गिटार आणि गोड व्हायोलिनं. लोक इथे हमखास सुखावतात, मान डोलावतात. त्या गोडव्यात छळणाऱ्याचा आनंद आहे हे गाणं संपल्यावर सांगायचं. एकदा मी आधी सांगितलं, तर कुणी मान डोलावलीच नाही, आणि गाण्याचा अर्धा डाव वाया गेला.

चौथं, १९९५ च्या 'टिल्ट'मधलं 'फार्मर इन द सिटी'. १९७५ मध्ये खून झालेल्या इटालियन दिग्दर्शक पाझोलिनीच्या आठवणीत. नुसता व्हायोलिनांचा समुद्र आणि आवाज. तो एक आकडा परत परत म्हणतो, एकवीस, एकवीस, एकवीस. मला बरीच वर्षं त्याचा नीट अर्थ लागत नव्हता. सभेला मैत्रिणीचा भाऊ आला होता, निफाडचा, द्राक्षं आणि कांदा करतो. इंग्रजी गाण्याशी त्याचा संबंध नाही. गाणं चालू असतानाच तो हळूच म्हणाला, "हा लिलाव चाललाय. बोली लागतेय." नंतर मी शब्द काढून बघितले. खरंच, लिलाव पुकारणाऱ्याची भाषा आहे ती. लासलगावला उभं राहून ज्यानं आपल्या मालाची बोली ऐकलीय त्याला ते कळायला अल्बमच्या पुस्तिकेची गरज पडली नाही.

पाचवं, २००६ च्या 'द ड्रिफ्ट'मधलं 'क्लारा'. बारा मिनिटांच्या वर. इथे तयारी लागते. क्लारा म्हणजे क्लारा पेटाची, मुसोलिनीची प्रेयसी. १९४५ च्या एप्रिलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या आणि मिलानच्या चौकात प्रेतं उलटी टांगली, जमावानं त्यांची विटंबना केली. हे आधी सांगा. गाण्यात जो धप्, धप् असा ओला आवाज येतो तो वादक डुकराच्या मांसाच्या मोठ्या तुकड्यावर ठोसे मारतोय त्याचा आहे. हे नंतर सांगा. मी २०२२ मध्ये उलटं केलं. सगळे त्या ठोशाचीच वाट बघत बसले, आला तेव्हा मागून खुसखुस, आणि शाकाहारी कुटुंबातल्या एक काकू पदर नाकाला लावून बसल्या, जणू वास येतोय. नंतर सांगितलं की मात्र खोली गप्प होते.

आवाजाचं बटण या गाण्यात अजिबात हलवू नका. घरच्या सभेत माझं हेच चुकलं. मधला भाग इतका हलका होता की "मागे ऐकू येत नाहीये" म्हणून कुणीतरी म्हणालं, मी बटण फिरवलं, आणि पुढच्या क्षणी सगळा वाद्यमेळ एकदम अंगावर. वरच्या मजल्यावरचे काका चप्पल न घालता खाली आले. सिलिंडर फुटला वाटलं त्यांना. आवाज आदल्या दिवशी, गाण्यातल्या सगळ्यात मोठ्या जागी ठरवा आणि बटणावर चिकटपट्टी लावा.

भाड्याच्या हॉलमध्ये याच गाण्याला आणखी वेगळं झालं. तिसऱ्या-चौथ्या ठोशाला तिथला माणूस मागून पळत आला आणि त्यानं प्लग काढला. "मॅडम, तुमचा स्पीकर फाटला." त्याला दोष कसा देणार, फाटल्यासारखाच आवाज होता तो. तेव्हापासून मी ध्वनिव्यवस्था बघणाऱ्याला आदल्या दिवशी अर्धं मिनिट ऐकवते आणि प्लगजवळ भाच्याला बसवते.

शेवटी त्याच अल्बमचं शेवटचं गाणं, 'अ लव्हर लव्ह्ज'. एक गिटार, तो, आणि मध्ये मध्ये कुणाचं तरी लक्ष वेधावं तसं "प्स्स्ट, प्स्स्ट". 'क्लारा'नंतर हे येतं तेव्हा माणसं एकमेकांकडे बघतात. बाकी काही लावू नका. पहिलं हिट परत लावायचा आग्रह होईल, "गोड शेवट" म्हणून. ठाम राहा.

६. बोलायचं किती

दोन गाण्यांमध्ये दीड मिनिट, त्याहून जास्त नाही. ज्याला सगळं माहीत आहे त्याच्या हातात माइक देऊ नका. एका सभेत एका गृहस्थांनी प्रसिद्ध गायक डेव्हिड बोवी स्कॉटला किती मानायचा यावर वीस मिनिटं घेतली. मानायचा, खरंच आहे. बोवीनं १९९३ मध्ये त्याचं गाणंही गायलं आणि २००६ च्या माहितीपटाचा तो कार्यकारी निर्माता होता. पण मोठ्या माणसाचं शिफारसपत्र दाखवून कुणाला गाणं आवडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

शब्दांच्या झेरॉक्स वाटू नका, हक्कांचा प्रश्न आहेच, शिवाय लोक कागदात डोकं घालतात. मराठीत दोन ओळींचं सार सांगा. तुलना करायची तर घरातली करा. कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून राग बांधले तेव्हा नाकं मुरडणारे होतेच. आणि आपल्या नाशिकशी नातं असलेले विष्णु दिगंबर पलुस्कर: मैफली गाजवल्या, लाहोरला १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि उतारवयात सगळं सोडून इथे आश्रम काढून रामनामात रमले. दिशा वेगळी, पण टाळ्या मागे टाकून चालू पडणारा गायक म्हणजे काय ते ज्येष्ठांना एका वाक्यात पोचतं.

७. उठून जाणारे

जातात. दार उघडं ठेवा, चपला दारातच ठेवायला सांगा म्हणजे शोधाशोध होत नाही, आणि जाणाऱ्याकडे बघू नका. २०१९ मध्ये सगळ्यात आधी मामाच उठला. तीस-चाळीस वर्षं ज्याची गाणी त्यानं बोटीवर ऐकली, त्याचं 'क्लारा' सुरू झालं तसा गॅलरीत जाऊन उभा राहिला. मी चिडले होते. जेवताना तो म्हणाला, "तू त्याची शेवटची वर्षं ऐकवतेस. माझी पहिली आहेत, ती अजून संपली नाहीत." मग मी गॅलरीतही एक खुर्ची ठेवायला लागले. कुणाला अर्धंच ऐकायचं असेल तर अर्धं, दाराआडून.

८. नंतरचं खाणं

गाण्याआधी फक्त पाणी. कुरकुरीत काहीही नाही, कोंडाजी चिवडा कितीही आवडत असला तरी. नंतर पिठलं-भात. ज्या घरात कुणी गेलेलं असतं तिथे शेजारून पिठलं-भातच येतो, म्हणून पहिल्या वर्षी मी मुद्दाम केला. आई आधी म्हणाली, "त्या परक्या माणसासाठी?" आणि मग स्वतःच लसणाची फोडणी दिली.

जेवताना पार्श्वसंगीत लावू नका. लोक आपणहून बोलायला लागतात, आणि बहुतेक बोलणं त्या गायकाबद्दल नसतं. निफाडचा भाऊ त्या वर्षीच्या कांद्याच्या भावाबद्दल बोलला. वरच्या मजल्यावरचे काका, जे सिलिंडर बघायला आले होते ते तसेच बसले होते, त्यांनी विचारलं, "त्या बाईचं नाव काय म्हणालीस? उलटी टांगलेली." मी नाव सांगितलं. त्यांनी पिठल्याच्या हातानं नको म्हणून डाव्या हातानं खिशातून पेन काढलं आणि पेपरच्या कडेला लिहून घेतलं.

मामा आता सत्त्याहत्तरचा आहे. यंदाचं निमंत्रण द्यायला फोन केला तर त्यानं आधी पंख्याची चौकशी केली. रेग्युलेटर बदलला का? नाही म्हटलं. "मग मला गॅलरीतलीच खुर्ची," म्हणाला, "पण दार लावू नकोस."